पायधुणी ते मिठी : मुंबईच्या नावांत उरलेले पाणी

पायधुणीला आज पाय धुण्यापुरतेही पाणी नाही. ट्रामचे रूळ गेले, मोटारी आल्या, मशिदी आणि जैन देरासरे यांच्या मधून माणसांचा लोंढा वाहतो. पण ह्या नावात जे पाणी आहे ते कुठून आले, असा प्रश्न तेथून जाणाऱ्याला सहसा पडत नाही. पश्चिमेकडची खाडी, चिखल आणि ओहोटीचे उथळ पाणी तुडवून येणारा माणूस मुंबईच्या कोरड्या भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी येथे पाय धूत असे, म्हणून ही जागा पायधुणी, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. एडवर्ड्‌सने संपादिलेल्या १९०९च्या गॅझेटियरपासून शेपर्डच्या १९१७च्या स्थलनामकोशापर्यंत ती सर्वत्र आढळते. आम्ही भाषा-साहित्य शिकवणारी माणसे व्युत्पत्तींवर गरजेपेक्षा अधिक विश्वास टाकतो, हा आरोप आम्हांस मान्य आहे. परंतु येथे शेजारची नावेही साक्षीला उभी राहतात. हाकेच्या अंतरावर उमरखाडी आहे. उंबर नाही, खाडीही नाही. नाव मात्र आहे.

मुंबईच्या नावांचा असा एक फेरफटका मारला, की ह्या शहराचा भूगोल त्याच्या नकाशापेक्षा त्याच्या शब्दांत अधिक शाबूत राहिला आहे असे वाटू लागते. खार म्हणजे खारवट जमीन. शीव म्हणजे हद्द; तेथे मुंबई बेट संपे आणि पाण्यापलीकडे साष्टी सुरू होई. कुर्ल्याचे नाव कुर्ल्यांवरून, म्हणजे खेकड्यांवरून पडले असे म्हणतात, आणि तेथील दलदल पाहता ते अशक्य वाटत नाही. वडाळ्याचे वड, ताडदेवचे ताड, चर्नी रोडची गुरांची चरणी, धोबी तलाव, दोन टाक्या, गोवालिया टँक, सी. पी. टँक. (ह्या शेवटच्या नावातील कावसजी पटेल आद्याक्षरांत विरघळले आणि त्यांचा तलाव जमिनीत.) गोवालिया टँकाच्या मैदानावर ऑगस्ट १९४२मध्ये 'छोडो भारत'चा ठराव झाला, म्हणून ते स्थान राष्ट्राच्या स्मरणात आहे. तेथे पूर्वी तलाव होता, हे नावातच लिहिलेले असूनही कुणी वाचत नाही.

ही नावे आम्ही हौसेखातर गोळा केलेली नाहीत. ज्या जागा आज प्रत्येक पावसाळ्यात पाण्याखाली जातात, त्यांची यादी आणि ही यादी बऱ्याच ठिकाणी एकमेकींवर येऊन पडतात, हे आमच्या लेखनाचे निमित्त.

सात बेटांची कथा शाळेपासून सर्वांना पाठ आहे. १६६१च्या विवाहकराराने पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, १६६८मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने कंपनीच्या हवाली केली, वगैरे. त्या कथेत एक गोष्ट सहसा वगळली जाते. ही सात बेटे दिवसातून दोनदा बेटे होती आणि दोनदा नव्हती. भरतीला मधल्या सखल जागा पाण्याखाली जात, ओहोटीला तेथे चिखल, खाजण आणि तिवरांची झुडपे उघडी पडत. ही जमीनही नव्हती आणि समुद्रही नव्हता. मराठीत तिला खाजण हा शब्द होता, खार होता, आणि ज्या भागात बांध घालून भात पिकवीत त्या जमिनीच्या धारापद्धतीला उत्तर कोकणात शिलोत्री हे नाव होते. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात मुंबईत आलेला कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर ह्याला मात्र तेथे फक्त बुडालेली, वाया गेलेली चांगली जमीन दिसली. दोष एकट्या फ्रायरचा नाही. ज्या भाषेत तिसऱ्या अवस्थेला शब्द नसतो, तिला जमीन आणि पाणी ह्या दोनच गोष्टी दिसतात आणि मधले जे असेल ते पडीक ठरते.

'रेक्लमेशन' हा शब्द ह्याच दृष्टीचे अपत्य. त्याचा मूळ अर्थ, गमावलेले परत मिळवणे. समुद्राकडून जे कधी आपले नव्हतेच ते 'परत' मिळवण्याची ही कल्पना मराठीने भाषांतरित केली नाही; शब्द तसाच उचलला, इतका की बांद्रा रेक्लमेशन हा बसचा थांबा झाला आणि बसमधल्या कुणालाही त्यात कशाचे 'परत मिळणे' अभिप्रेत आहे ह्याची फिकीर उरली नाही. आपला शब्द होता भरणी किंवा भराव. तो अधिक प्रामाणिक आहे. भरणी म्हणजे खड्डा होता, तो भरला. त्यात हक्काचा दावा नाही.

वरळी आणि मुंबई ह्या बेटांच्या मधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत घुसे. ते बुजवण्याची कल्पना ऑन्जिअरच्या काळापासून बोलली जात होती. ते काम हॉर्नबी गव्हर्नर असताना हाती घेतले गेले आणि १७८४च्या सुमारास पुरे झाले. बांधाला नाव पडले हॉर्नबी वेलार्ड. वेलार्ड हे पोर्तुगीज 'व्हलादो' ह्या शब्दाचे बिघडलेले इंग्रजी रूप. म्हणजे बांध इंग्रजांनी घातला तरी त्याला म्हणायचे काय, ते त्यांना आधीच्या राज्यकर्त्यांकडून उसने घ्यावे लागले. ह्या बांधाची आख्यायिका सर्वश्रुत आहे. बांध पुनःपुन्हा ढासळे. रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभू कारागिराला महालक्ष्मीने दृष्टान्त दिला. समुद्रातून मूर्ती वर काढून त्यांची स्थापना केली तेव्हा बांध टिकला. आम्हांस ह्या कथेत नेहमी एक गोष्ट लक्षणीय वाटत आली आहे. तिच्यात समुद्राला हटवण्यापूर्वी कुणाची तरी परवानगी घ्यावी लागते. नंतरच्या दोनशे वर्षांतल्या भरावांच्या इतिहासात ही अट पुन्हा आढळत नाही. पर्यावरण खात्याचा दाखला तिची जागा घेतो, पण तो बराच नंतर.

बांध टिकला आणि समुद्र आत यायचा थांबला. येथपर्यंतची गोष्ट विजयाची म्हणून सांगितली जाते. पण बांध दोन्ही बाजूंनी बांधच असतो. आतली जमीन भरतीच्या पातळीहून खाली होती आणि खालीच राहिली. पूर्वी तिच्यावर खारे पाणी येई आणि जाई, आता पावसाचे गोडे पाणी साचू लागले आणि त्याला बाहेर जायला ओहोटीची वाट पाहावी लागू लागली. कोकणातल्या खारबंदिस्तीत ह्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या होते. बांधाला उघाडी असते, ती कधी उघडायची आणि कधी लावायची हे भरतीवर ठरते, आणि तिच्या राखणीची जबाबदारी वाटून घेतलेली असते. गोव्यात त्याच दाराला मानशी म्हणतात, आणि तेथील खाजणांची व्यवस्था गावकरीच्या हाती होती. खारबंदिस्ती समुद्राशी करार करते. भरणी त्याला बेदखल करते. मुंबईने दुसरा मार्ग पत्करला. उघाड्या तिलाही ठेवाव्या लागल्या, पण त्यांची राखण गावाची राहिली नाही.

ही बांधामागची सखल जमीन इंग्रजांच्या कागदांत 'फ्लॅट्‌स' म्हणून ओळखली जाई. भायखळा, कामाठीपुरा, महालक्ष्मी हा सारा पट्टा. एकोणिसाव्या शतकात ती कशाने भरली गेली हे सांगताना शहराच्या गौरवग्रंथांचा सूर किंचित खाली येतो, कारण ती मोठ्या प्रमाणावर शहराच्या कचऱ्याने भरली गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६४च्या खानेसुमारीत लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. माणसे वाढली, केर वाढला, आणि केर टाकायला दलदल होतीच. त्या भरावावर घोड्यांच्या शर्यतींचे मैदान झाले, गिरण्या झाल्या, गिरणीकामगारांच्या चाळी झाल्या. ज्या वस्तीतून पुढे मराठी कामगारसाहित्याचा एक मोठा प्रवाह निघाला, तिच्या पायाखाली काय होते हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा त्यांना ते प्रतीक वाटते. ते प्रतीक नव्हे. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा ओल, उंदीर आणि गर्दी ही तिन्ही प्रत्यक्षात एका जागी होती. मर्ढेकरांच्या कवितेत उंदीर आले ते अर्धशतकानंतर.

गोविंद नारायण माडगावकर ह्यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली निघाले. मराठीतले ह्या शहराचे पहिले सविस्तर चरित्र लिहिणारा हा गृहस्थ मूळचा गोव्याचा, म्हणजे खाजणांच्या प्रदेशातला, हा योगायोग आम्हांस सुखवून जातो. त्यातून काही सिद्ध होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पुस्तक छापले गेले तेव्हा विहार तलावाचे पाणी नळांनी येऊ लागून जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्याआधी शहराची तहान विहिरी आणि तलाव भागवीत, आणि पाऊस चुकला की ते आटत. १८५४च्या टंचाईत गुरे शहराबाहेर हलवावी लागली होती. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा, तानसा १८९२चा. प्रत्येक तलाव आधीच्यापेक्षा लांब नसला तरी एकंदर ओढ शहरापासून दूर जाण्याचीच होती. पाणी लांबून येऊ लागले तसतसे जवळचे पाणी निरुपयोगी, मग घाण, मग धोकादायक ठरत गेले. १९११मध्ये डॉ. बेंटलींनी हिवतापाच्या चौकशीचा अहवाल दिला. डासांची पैदास घराघरांतल्या विहिरींत होते, सबब त्या बुजवाव्यात वा झाकाव्यात, असा त्याचा रोख होता. शास्त्र म्हणून तो खरा होता. विहिरीला धर्मकृत्यांत स्थान असलेल्या पारशी मंडळींनी आणि इतरांनीही त्याला विरोध केला, आणि तो विरोध आज वाचताना अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढता येत नाही. त्यांना विहीर ही घराची गोष्ट वाटत होती आणि नळ ही सरकारची. १७२५ची भिखा बेहराम विहीर चर्चगेटजवळ अजून आहे. तिच्याबरोबरीच्या किती गेल्या त्यांची मोजदाद कोण करणार?

आता विहारकडे पुन्हा वळू, कारण ह्या लेखातली खरी वेदना तेथे आहे. विहार मिठी नदीच्या उगमाशी आहे. विहार आणि पवईच्या सांडव्याचे पाणी एकत्र होऊन मिठी होते, सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. म्हणजे मुंबईने नळाचे पहिले पाणी ज्या नदीच्या डोक्यावरून घेतले, तिच्याच अंगात पुढे सांडपाणी, कारखान्यांची रसायने आणि राडारोडा सोडला. तिच्यावर विमानतळाची धावपट्टी आली आणि प्रवाहाला काटकोनात वळावे लागले. तिच्या मुखाशी जे खाजण भरतीचे आणि पुराचे पाणी सामावून घेई, त्यावर १९७०नंतरच्या दशकांत वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' १९६९ची. त्या कादंबरीचे नाव खाडीचे आहे, माणसे खाडीकाठच्या झोपड्यांतली आहेत, आणि आपण तिचे अध्यापन आजवर झोपडपट्टीची कादंबरी म्हणून करत आलो. खाडी ही पार्श्वभूमी, असे आम्हीही वर्गात म्हटले आहे. मुंबईवरच्या मराठी लेखनाबद्दल आमचे हेच गाऱ्हाणे आहे आणि त्यात आम्ही वाचक-शिक्षकही सामील आहोत. रस्ता, चाळ, गिरणी, लोकल, झोपडी ह्यांचे जे सूक्ष्म ज्ञान ह्या साहित्यात आहे, त्याच्या तुलनेत समुद्र बहुधा सूर्यास्तापुरता येतो, आणि खाजण जवळजवळ येतच नाही.

इंग्रजी अमदानीतल्या भरावांची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. बॅक बेचा पहिला भराव १८६०च्या दशकातल्या सट्ट्यात फुगला आणि १८६५च्या कोसळण्यात बुडाला. दुसरा १९२०नंतर गव्हर्नर लॉइड ह्यांच्या काळात निघाला. ११४५ एकर जमीन काढायची होती. पैसा आणि माती दोन्ही पाण्यात गेली आणि निम्मेही काम झाले नाही. ह्या कारभारातला गैरव्यवहार खुर्शेद नरिमन ह्यांनी उघड्यावर आणला, हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, आणि नरिमन निर्दोष सुटले. पुढे त्याच भरावाच्या टोकाला, आणि १९७०च्या दशकात त्यावर उगवलेल्या गगनचुंबी इमारतींच्या पुंजक्याला, नाव मिळाले नरिमन पॉइंट. नामकरणाच्या शास्त्रात ह्याहून मार्मिक उपरोध आम्ही पाहिलेला नाही.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच काळात कुलाब्याला अवघा ७३. शेकडो माणसे गेली. ह्या आकड्यांची उजळणी दर पावसाळ्यात होते. आम्हांस एका निराळ्या आकडेमोडीकडे लक्ष वेधायचे आहे. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना, किंबहुना कोकणातल्या कोणत्याही जुन्या माणसाला, भरतीची वेळ पंचांगातून काढता येते : तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती. त्या मंगळवारी आषाढ वद्य पंचमी संपून षष्ठी लागत होती. पाचाची पाऊणपट पावणेचार. प्रत्यक्षातही दुपारी चारच्या सुमारास साडेचार मीटरांच्या जवळपासची भरती आली, आणि पाऊस सर्वांत जोरात कोसळला तो नेमका त्याच प्रहरात. शहराच्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, त्याही ओहोटी आहे असे धरून, आखलेल्या होत्या. त्यांच्या हिशेबात निम्मे पाणी जमिनीत मुरणार हेही गृहीत होते. मुरायला जमीन कुठे राहिली होती? १९९३मध्येच ह्या वाहिन्यांच्या सुधारणेचा सविस्तर आराखडा तयार झाला होता. तो बारा वर्षे बव्हंशी कागदावर होता. तिथीचे गणित ठाऊक असलेले शहर हे पाऊस थांबवू शकले नसते, हे उघड आहे. पण वाहिनी भरतीला तुंबते, हे ज्या शहराला आपत्ती आल्यावर समितीच्या अहवालातून वाचावे लागते, त्याने आपल्याच किनाऱ्यावरचे काही ज्ञान हरवले आहे इतके तरी म्हणता येईल.

त्यानंतर बऱ्याच गोष्टी झाल्या. माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००६मध्ये अहवाल दिला. मिठीसाठी प्राधिकरण नेमले गेले. नदी रुंद झाली, खोल झाली, तिला भिंती आल्या. नदीला भिंती घातल्या की ती गटारासारखी दिसू लागते, ह्यावर बरीच टीका झाली आणि ती आम्हांस रास्त वाटते. ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबवली आणि कांदळवनांना वनांचा दर्जा देण्याचा मार्ग मोकळा झाला. 'कांदळवन' हा शब्द त्यामुळे वर्तमानपत्रांत रूढ झाला, ही भाषेच्या दृष्टीने मोठीच प्राप्ती. ज्याला नाव मिळते ते तोडताना निदान कुणीतरी हटकतो. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह येथे पाणी उपसून समुद्रात टाकणारी केंद्रे उभी राहिली. आणि हिंदमाता परिसरात, जेथे दर पावसाळ्यात छायाचित्रकार ठरल्या वेळी हजर असतात, तेथले पाणी साठवण्यासाठी महापालिकेने जवळच्या मैदानांखाली मोठमोठ्या टाक्या खोदल्या. भरती ओसरेपर्यंत पाणी तेथे थांबते, मग पुढे जाते. ज्या शहराने आपले तलाव बुजवून त्यांची नावे थांब्यांना दिली, त्याने मैदानाखाली पुन्हा तलाव खणले.

दुसरीकडे, भरावाची ओढही संपलेली नाही. २०२४मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातील भाड्याच्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. घरांची गरज खोटी नाही. २०११च्या जनगणनेत १ कोटी २४ लाखांवर माणसे असलेल्या ह्या शहरात कुणाला तरी कुठे तरी राहायचे आहेच, आणि खाजण वाचवण्याची भाषा बोलणाऱ्या आमच्यासारख्यांची घरे कोणत्या भरणीवर उभी आहेत, हेही विचारले गेले पाहिजे. परंतु ह्या प्रश्नाचे ओझे दर वेळी मिठागराच्या कडेलाच का येते, गरिबाची सोय आणि पाण्याची वाट ह्यांचीच एकमेकांशी झुंज का लावली जाते, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. फ्लॅट्‌सवर चाळी उठल्या तेव्हाही तो होता.

किनारी रस्त्याचे काम २०१८मध्ये सुरू झाले. जुलै २०१९मध्ये उच्च न्यायालयाने त्याची परवानगी रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे चालू दिले, आणि मार्च २०२४पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टरांचा भराव पडला. हाजीअलीजवळ जेथे ह्या रस्त्याच्या वाटा एकमेकींत गुंततात, तेथेच जवळपास अडीचशे वर्षांपूर्वीचे ते खिंडार होते. वरळीच्या कोळ्यांनी मात्र रस्ता नको अशी एकच एक मागणी धरून न बसता एक मोजमाप मागितले. पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरले होते. वाऱ्यात आणि ओढीत होडी सरळ रेषेत चालत नाही, तेव्हा एवढ्या फटीतून ती सुखरूप बाहेर पडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कागदावर ६० मीटर पुरेसे होते. कोळ्यांनी होड्या आडव्या घातल्या, काम अडवले, बैठकांवर बैठका झाल्या, तज्ज्ञांचे अहवाल आले. शेवटी मधला एक खांब गाळला गेला आणि ते अंतर १२० मीटर झाले.